दयाळ तारेवर काळा, गडग्यावर पांढराफटक. एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) कसं सांभाळता?

मागीलदार
नमस्कार मंडळी. घर चिपळूणजवळ. मागीलदारी जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण), त्यामागे फणस आणि आंबा, एका अंगाला विजेची तार. दयाळ पक्ष्यांची एक जोडी भाडं न देता या सगळ्याची मालक होऊन बसली आहे. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५०. मोड एव्ही (लेन्सचं भोक मी ठरवते, शटर कॅमेरा), भोक एफ/५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो.

तक्रार अशी की नर तारेवर बसला की फोटोत नुसती काळी आकृती, पांढरं पोटसुद्धा राखाडी. तोच गडग्यावर उतरला, मागे फणसाची सावली, की पोट आणि पंखावरचा पट्टा असा भडकतो की एक पीस दिसेल तर शपथ. मादी मुळात करडी, ती बिचारी दोन्हीकडे बरी येते. दुकानदार म्हणतो लेन्स बदला. मुलगा म्हणतो फोनवर एडिट कर. पण उडालेलं पांढरं एडिट करून काही परत येत नाही.

लग्नाचा फोटोवाला, सांगली
ताई, लेन्सवर एक रुपया घालू नका. कॅमेऱ्याला पक्षी कळत नाही, चौकटीतला उजेड कळतो, आणि तो उजेड सरासरीला मधल्या करड्यावर आणून ठेवायचा एवढंच त्याला शिकवलंय. तारेमागे आभाळ भगभगीत, म्हणून तो सगळं चित्र दाबतो आणि दयाळ बुडतो. गडग्यामागे काळोख, म्हणून सगळं उचलतो आणि पोट जळतं. पांढऱ्या फेट्याचा नवरदेव गडद पडद्यापुढे उभा केला की आमचंही हेच होतं.

मागचं एव्ही +/- बटण दाबून धरा आणि वरची चकती फिरवा. तारेवर +१ (म्हणजे दुप्पट उजेड) पासून +१⅔ पर्यंत, गडग्यावर −१ पासून सुरुवात. जागा बदलली की आकडा बदलायचा, हे बोटांना लागलं पाहिजे. स्पॉट मीटरिंग (फक्त मधल्या ठिपक्याचा उजेड मोजणं) शोधत बसू नका, १५००डीला ते नाही. पार्शल आहे, मधला साधारण १० टक्के भाग मोजतं, पण दयाळावर ते फसवं. मध्यभागी काळी छाती आली तर एक उत्तर, पोट आलं तर दुसरं. त्यापेक्षा इव्हॅल्युएटिव्ह (सगळी चौकट मोजणारं) ठेवा आणि भरपाई हाताने द्या.

फोटो बघताना डिस्प बटणाने हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) पडदा आणा. जळालेला भाग तिथे लुकलुकतो. पोट लुकलुकलं की अजून ⅓ खाली. काळं जरा बुडालं तर रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधून बरंच वर काढता येतं, पूर्ण जळालेलं पांढरं रॉमध्येही नसतंच. रॉसाठी कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं.

उन्हाचा हिशेब
फोटोवाल्या दादांचं निदान बरोबर, औषध वेगळं देतो. पक्षी दर मिनिटाला जागा बदलणार आणि तुम्ही चकती फिरवणार? तोवर तो गेला. ऊन दोन्हीकडे सारखं असेल तर पक्ष्यावरचा उजेडही सारखाच, बदलते ती फक्त पार्श्वभूमी. सरळ मॅन्युअल मोड लावा, म्हणजे सगळे आकडे तुमचेच. जुना नियम: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर १/आयएसओ सेकंद. म्हणजे आयएसओ २०० ला १/२००, आणि एफ/५.६ चं भोक मोठं, उजेड आठपट, म्हणून तिथे १/१६००. पांढऱ्या पोटासाठी १/२५०० करा. सकाळच्या कोवळ्या उन्हात उजेड कमी, तेव्हा १/८०० च्या आसपास सुरू करून हिस्टोग्राम बघा. आयएसओ मात्र ऑटोवरून काढा, नाहीतर मॅन्युअल नावालाच.

मागीलदार
दोघांचेही आभार. पण एक अडचण. तार घराच्या पूर्वेला आहे आणि मी सकाळीच मोकळी असते.

उन्हाचा हिशेब
मग सकाळी तारेवर माझा आकडा चालणार नाही. ऊन त्याच्या पाठीवर, तुम्हाला दिसतं ते सावलीतलं पोट. तिथे दादांचा +१⅔ वापरा आणि आभाळ पांढरं झालं तर होऊ द्या. किंवा सकाळी गडगा आणि संध्याकाळी तार, अशी वाटणीच करून टाका.

लग्नाचा फोटोवाला, सांगली
ढग आला की मॅन्युअलवाल्यांची धावपळ बघायला मजा येते, एवढंच बोलून गप्प बसतो.

पाणवठा
एक वेगळं सुचवते. तुम्ही पक्ष्याच्या मागे का धावताय? पसरट मातीचं भांडं पाणी भरून अशा जागी ठेवा की सकाळचं ऊन तुमच्या पाठीवरून त्यावर पडेल आणि मागची झाडी लांब राहील. शेजारी एक वाळकी फांदी रोवा, दयाळ पाण्याआधी तिथेच टेकेल. मग आकडा एकदाच ठरवायचा. अशा तिरक्या उन्हात नराच्या काळ्यावरची निळी झाकही दिसते, भर दुपारी ती मिळणारच नाही. दुपारी कॅमेरा आत ठेवा. हलक्या ढगाळ दिवशी मात्र खुशाल बसा, काळं आणि पांढरं एकाच फोटोत सगळ्यात सोपं तेव्हाच येतं. फक्त शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका, हा पक्षी शेपटी स्वस्थ ठेवत नाही.

आणि गडग्याच्या किंवा झाडाच्या ढोलीत ये-जा दिसली तर भांडं तिथून लांब हलवा, फ्लॅश तर नकोच. मार्च ते जुलै त्यांचा विणीचा काळ आहे.

मागीलदार
गडग्यात एक भोक आहे खरं, आणि मादी चोचीत काड्या घेऊन फिरतेय. भांडं आंब्याकडे नेते. तिथे ऊन आठच्या पुढे येतं, तेव्हा १/१००० वर पहिला फोटो काढून बघेन. कुणाला जास्वंदीवरच्या शिंजिराचे (छोट्या सूर्यपक्ष्याचे) आकडे माहीत असतील तर तेही सांगा, तो एका जागी थांबतच नाही.