हरणापासून मूसपर्यंत एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: कोणती घ्यावी?

पायवाट

नमस्कार मंडळी,

परवाना हातात आलाय, शिकाऱ्याची परीक्षाही पास झालो. आजवर मित्राच्या .३०८ रायफलवर भागवत होतो. आता स्वतःची पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीसाठी बोल्ट म्हणजे खिटी हाताने मागे-पुढे ओढायची) रायफल घ्यायची आहे आणि वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. मुख्य शिकार हरीण आणि रानडुक्कर. पण पुढच्या हंगामात एल्क या मोठ्या हरणासाठी बोलावणं आहे, आणि त्यानंतर जमलं तर त्याहूनही मोठं मूस. रायफल एकच घेणार, दुसरी इतक्यात होणार नाही.

दुकानदार म्हणतो, सरळ .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या, मोठं जनावर समोर आल्यावर पस्तावायला नको. त्याच्याकडची एक हातात घेऊन बघितली. वजन जेमतेम अडीच किलो, डोंगर चढताना बरी पडेल असं वाटलं. दुसरीकडे वाचतो की मोठ्या जनावरासाठी माऊझर पद्धतीचा, काडतुसाची कड पकडणारा लांब पंजा असलेला बोल्टच हवा. हे खरं का? आणि .३०८, .३०-०६ की मॅग्नम?

माझी उंची बेताची, हात आखूड. आधार घेऊन २०० मीटरपर्यंत नेम चांगला लागतो, त्यापलीकडे खात्री नाही.

मागकरी

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण रायफल त्यावरूनच ठरते. मॅग्नमचा फायदा जिथे दिसायला लागतो ते अंतर सध्या तुमचं नाहीच. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०-०६ मधून सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाने निघते, .३०० विंचेस्टर मॅग्नममधून साधारण २९६०. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर ३०० यार्डांवर .३०-०६ ची गोळी मॅग्नमच्या गोळीपेक्षा दोनेक इंच जास्त खाली पडते, एवढाच फरक. आता त्या दोन इंचांपायी खांद्यावर काय येतं ते बघा. साडेतीन-पावणेचार किलोच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का २० फूट-पाउंडांच्या आसपास असतो, मॅग्नमचा २६ ते २८. तुम्ही हातात घेतलेली अडीच किलोची रायफल दुर्बीण लावून तीन किलोची झाली तरी तिचा धक्का तिशी ओलांडतो.

माझ्या एका सोबत्याकडे अशीच हलकी मॅग्नम होती. माणूस जुना शिकारी, हात स्थिर. तरी त्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जायला लागल्या. दुर्बीण बदलून झाली, काडतुसं बदलून झाली. शेवटी रेंजवर त्याची परवानगी घेऊन त्याचं मॅगझिन मी भरलं आणि मध्ये कुठेतरी एक डमी, म्हणजे बिनदारूचं काडतूस सरकवलं, कितवं ते सांगितलं नाही. डमीवर चाप ओढला तेव्हा नुसता 'खट्' आवाज झाला आणि नळीचं टोक वीतभर खाली गेलं. डोळे गच्च मिटलेले. गोळी सुटायच्या आधीच त्याचं शरीर धक्क्याला घाबरत होतं आणि त्याला स्वतःला ते माहीतही नव्हतं. त्याआधीच्या हंगामात त्याच रायफलीने त्याची गोळी एल्कच्या पोटात लागली होती. आम्ही अंधार पडेपर्यंत माग काढला, पहाटे पुन्हा काढला, जनावर मिळालं नाही. ते कुठेतरी झुरून मेलं असणार, हे अजूनही मनातून जात नाही. कॅलिबर मोठं असलं की चुकलेला नेम भरून निघतो, हा समज फार नुकसान करतो. पोटात लागलेली गोळी कुठल्याही कॅलिबरची असो, पोटातच लागलेली असते.

तेव्हा .३०८ किंवा .३०-०६. हरीण आणि डुकरासाठी दोन्ही सारख्याच. १९०६ सालच्या .३०-०६ चं काडतूस लांब, १९५२ सालच्या .३०८ चं आखूड, म्हणून .३०८ चा बोल्ट थोडा कमी मागे ओढावा लागतो आणि रायफल किंचित सुटसुटीत होते. १८० ग्रेनच्या गोळीला .३०-०६ मध्ये ८०-१०० फूट वेग जास्त मिळतो. फारसा नाही, पण मूस मनात असेल आणि १८० किंवा २०० ग्रेनच्या जड गोळ्या वापरायच्या असतील तर मी .३०-०६ कडे झुकेन. हाताला .३०८ चीच सवय झाली असेल तर तीच घ्या, तुमच्या अंतरात एल्कला ती पुरते. रानम्हैस, हत्ती वगैरे या हिशोबात धरूच नका. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत त्यांच्यासाठी .३७५ ही कायद्यानेच किमान मर्यादा आहे, ती रायफल वेगळी आणि तो सरावही वेगळा.

आता ज्यावर कुणी फारसं बोलत नाही ते: दस्ता. तुमचे हात आखूड आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. त्यात थंडीचं जाड जाकीट घातलं की तुमच्यासाठी ते नक्की लांब होणार. दुकानात जाताना शिकारीचं जाकीट घालून जा. दुकानदाराला बोल्ट उघडून चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन रिकामं असल्याचं दाखवायला सांगा, स्वतः बोट घालून चाचपा. मग सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटा, रायफल सवयीने खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. कडेला काळी चंद्रकोर दिसली, मान पुढे ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर ती रायफल कितीही नावाजलेली असो, खाली ठेवा. काही दस्त्यांच्या मागे काढता-घालता येणाऱ्या चकत्या असतात, त्याने पाऊण-एक इंच कमी होतो. तसा दस्ता शोधा.

वजन दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आसपास ठेवा. धापा टाकत चढून गेल्यावर फार हलकी रायफल हातात लटपटते, थोडी जड लवकर स्थिरावते. नळी २२ इंच पुरे.

पंजाबद्दल: तुमच्या जनावरांसाठी तो असलाच पाहिजे असं नाही. १९६२ पासूनची रेमिंग्टन ७०० बिनपंजाची आहे. अमेरिकन मरीन कोअरची एम-४० स्नायपर रायफल त्याच बोल्टवर बनली, आणि हरणं-एल्क तर तिने अगणित मारलेत. टिक्काच्या टी-३ चंही तेच, आणि तिचा बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो की नवशिक्याचा हात पटकन बसतो.

पितळी काडतूस

मागकरींचं धक्क्याबद्दलचं म्हणणं सोळा आणे मान्य. पंजाबद्दल मात्र इतक्या झटपट निकाल देऊ नये.

१८९८ च्या माऊझरमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड पंजाखाली सरकते आणि तिथून ते बोल्टच्या ताब्यात असतं. साध्या बोल्टमध्ये काडतूस आधी चेंबरमध्ये ढकललं जातं आणि बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच पकडलं जातं. घाईत बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं, त्याच्या मागून दुसरं येतं आणि रायफल अडकते. जखमी रानडुक्कर झुडपातून अंगावर येत असताना हे व्हायला नको. विंचेस्टर मॉडेल ७० ची १९३६ मधली रचना पंजाचीच होती. १९६४ साली कंपनीने ती काढली, शिकाऱ्यांची नाराजी वर्षानुवर्षं राहिली आणि १९९० च्या दशकात पंजा परत आला. उगाच नाही आला. रुगरची हॉकआय आजही पंजावालीच आहे. तुम्हाला डुक्कर दाट झाडीत मारायचं असेल तर माझं मत पंजाला.

आणखी एक. धक्क्याचीच भीती असेल तर ६.५ × ५५ का नाही? १८९४ चं काडतूस. स्वीडनमध्ये पिढ्यानपिढ्या मूस त्याच्यावर मारले जातात. तिथल्या नियमात मोठ्या जनावरासाठी १० ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या गोळीला १०० मीटरवर २००० ज्यूल पुरतात, आणि ६.५ ची १५६ ग्रेनची लांब गोळी त्यात आरामात बसते. लांब, जड गोळी खोल जाते. आफ्रिकेतला नामांकित हत्तीशिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने सात मिलिमीटरच्या माऊझर काडतुसावर हत्ती मारले, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

मागकरी

६.५ × ५५ ला माझा अजिबात विरोध नाही, फार गोड काडतूस आहे. पण स्वीडनमधल्या त्या मूसमागे शिस्त आहे. परवान्यासाठी नेमाची परीक्षा द्यावी लागते, अंतर बहुधा कमी ठेवतात आणि जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेला कुत्रा हाताशी असतो. बेलचं उदाहरण मी नवशिक्यापुढे कधीच ठेवणार नाही. त्याच्या गोळ्या न फुलणाऱ्या सॉलिड होत्या, आणि हत्तीचा मेंदू कवटीत नेमका कुठे बसतो हे त्याने कवटी करवतीने कापून अभ्यासलं होतं.

दाट झाडीत पंजाचा मुद्दा बरोबर आहे, मागे घेतो. पण पायवाट, पंजा असो नसो, बोल्ट मारायचा तो पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, जोर लावून, आणि रायफल खांद्यावरून न काढता. घरी डमी काडतुसं घालून हा सराव करा. फुप्फुसात गोळी बसली तरी मूस पुष्कळदा काही झालंच नाही असं उभं राहतं. त्या वेळी दुसरं काडतूस चेंबरमध्ये तयार हवं.

पायवाट

दोघांचे मनापासून आभार. काल जाकीट घालून दुकानात गेलो. मॅग्नमला लावलेल्या दुर्बिणीत ती काळी चंद्रकोर स्पष्ट दिसली. रुगरची .३०-०६ खांद्याला लावली, दस्ता थोडा लांब वाटला पण मागचं रबर बदलून कमी करता येईल असं दुकानदार म्हणाला. दोन शंका राहिल्या: दुर्बीण किती पॉवरची? आणि गोळी शिशाची की तांब्याची?

मागकरी

दुर्बीण ३-९ × ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटर) पुष्कळ झाली. रानात चालताना ती ३ वरच ठेवा, जवळून उठलेलं जनावर ९ वर सापडत नाही. मागच्या काचेपासून डोळ्यापर्यंत नऊ सेंटिमीटर तरी अंतर मिळायला हवं, नाहीतर चढावर गोळी झाडताना दुर्बिणीची कड भुवई फोडते. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा.

गोळीवर पैसे वाचवू नका. १९४६ साली जॉन नोस्लरच्या गोळ्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. त्यातून त्याने मधे आडपडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. आजही एल्क-मूससाठी ती उत्तम, शिसं तांब्याच्या वेष्टणाला जोडलेल्या बाँडेड गोळ्याही तशाच. पूर्ण तांब्याच्या गोळ्या खोल जातात आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरी लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांबंच सांगेन. काही ठिकाणी आता शिशाला बंदीच आहे, तुम्ही जिथे जाणार तिथला नियम बघून घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून १८० ऐवजी १६५ किंवा १५० घ्या, तिला फुलायला लागणारा वेगही मिळतो.

रायफल घ्यायच्या आधी नळी आणि दस्त्याच्या मधून एक कागद सरकवून बघा. चेंबरच्या जवळपर्यंत तो अडखळला नाही तर नळी मोकळी आहे. लाकडी दस्ता दमटपणाने फुगून नळीला टेकला की झीरो हलतो. मग दोन-तीन प्रकारच्या काडतुसांचे गट पाडून बघा, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्या एकमेकींपासून किती लांब लागतात ते मोजा. १०० मीटरवर तीन-चार सेंटिमीटरचा गट आला तरी खूप झालं, हरणाच्या छातीतला मर्माचा भाग वीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यापेक्षा थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी रोज कुठे लागते ते वहीत लिहा. जे काडतूस ती पहिली गोळी सतत एकाच जागी टाकतं, त्याच लॉटचे डबे हंगामभराचे एकदम घेऊन ठेवा.

रबर कमी करून आणलंत की पुन्हा जाकीट घालून डोळे मिटून बघा, आणि इथे कळवा.