धरणाची जागा आधी ठरते, भूकंपाचा अभ्यास मागून येतो. हे असंच चालू द्यायचं?

कातळ: मी चाळलेल्या प्रकल्प अहवालांत भूकंपाला जेमतेम दोन पानं. ‘भूकंप क्षेत्र तीन’ लिहायचं, नकाशावरून गुणांक (हादऱ्याचा जोर धरणाच्या वजनाच्या किती पट धरायचा तो आकडा) उचलायचा, झालं. तोवर निविदासुद्धा तयार. कोयनेच्या आखणीत गुणांक होता ०.०५. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणातल्याच यंत्राने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं. प्रकल्पाशी देणंघेणं नसलेल्यांनी, जागा ठरण्याआधी अभ्यास करावा. त्याशिवाय मंजुरी नको.

मोजपट्टी: अहो, दोन आकड्यांची गल्लत होतेय. ०.०५ हा स्थिर गुणांक, म्हणजे एकसारखा धरलेला जोर; ०.६३ हा क्षणभराचा कमाल झटका. भागाकार करून ‘बारा पट’ म्हणायची सोय नाही. आणि धरण उभं राहिलं ना? अभ्यासापायी काम वर्षानुवर्षं रखडलं, तर पाण्याची वाट बघणाऱ्यांना काय सांगणार?

कातळ: गल्लत मान्य. पण तडे कुठे गेले? वरच्या भागात, जलाशयाच्या उलट बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे. स्थिर गुणांकाच्या हिशेबात ती जागा धोक्याची दिसलीच नव्हती. मागाहून टेकू द्यावे लागले.

गाळपेर: नकाशाचं तर बोलूच नका. १९९३ पर्यंत किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. २००२ मध्ये ते क्षेत्रच नकाशातून गेलं. शिवाय जलाशयाचं पाणी खोल भेगांत शिरून दाब वाढवतं, आधीच ताणलेला भ्रंश (खडकातली सरकणारी भेग) सरकू शकतो. म्हणून पाणी अडवायच्या आधीपासून भूकंपमापक हवेत. नाहीतर पूर्वी किती धक्के बसायचे, हे कशावरून सांगणार? आणि धरणाखाली नंतर उठणाऱ्या वसाहती? रानातलं धरण म्हणून ज्याचा धोका कमी धरला, त्याच्या पायथ्याशी आज इमारती. फेरतपासणी कोण करतंय?

मोजपट्टी: मापक बसवा, फेरतपासणीही करा. हादऱ्यासाठी आखणी करता येते, एवढंच माझं म्हणणं. पायाखालून जिवंत, म्हणजे अजून सरकू शकणारा भ्रंश जात असेल तर मात्र जागा सोडा. तैवानच्या शिहकांग धरणाखाली १९९९ मध्ये भ्रंश सरकला, एक बाजू सात मीटरहून जास्त वर गेली. तिथे काँक्रीट काय करणार!

कातळ: भ्रंश जिवंत आहे हे कळतं चर खणून, मातीचे थर कुठे तुटलेत ते पाहून. तो चर निविदेआधी की नंतर?

मोजपट्टी: आधी. पण तुमचा तो देणंघेणं नसलेला माणूस चर खणायचे पैसे कुणाकडून घेणार?