निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदं घ्यावीत का?

गोदाकाठ: न्यायाधीश कोणी नेमायचे यावर सगळे भांडतात. मला काळजी त्यांच्या निवृत्तीनंतरची आहे. उच्च न्यायालयात ६२ व्या, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी निवृत्ती. पुढे आयोग, राज्यपालपद, राज्यसभा. आज ज्या सरकारविरुद्ध निकाल द्यायचा, तेच उद्या पद देणार! घटना समितीत के. टी. शहांनी यावर बंदी सुचवली होती. बाबासाहेबांना ती पटली नाही. न्यायालयापुढच्या खटल्यांत सरकारचा संबंध क्वचितच येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४९ मध्ये ते ठीक होतं. आज सिन्नर-इगतपुरीत समृद्धी महामार्गाला जमीन गेलेला शेतकरी मोबदल्यासाठी कोर्टात गेला, तर समोर कोण असतं? १९५८ मध्ये विधी आयोगानेही अशी पदं नकोत असंच सांगितलं होतं.

सिडकोवाला: असहमत. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचा अध्यक्ष कायद्यानेच आजी-माजी न्यायाधीश लागतो. बंदी घातलीत तर गोदावरीच्या सांडपाण्याचा निवाडा काय निवृत्त सचिवांकडून करून घ्यायचा? आणि वाकणारा पदाशिवायही वाकतो. आणीबाणीत, १९७६ साली, विनाखटला अटकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या खंडपीठातले न्या. खन्ना एकटे सरकारविरुद्ध गेले. त्यापायी पुढे ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद हुकलं, पण ते वाकले नाहीत.

गोदाकाठ: त्याच खंडपीठातल्या उरलेल्या चौघांचं काय? नियम खन्नांसाठी नाही, त्यांच्यासाठी हवा.

बागाईतदार_निफाड: तुमचं दोघांचं सगळं दिल्लीतच चाललंय. आमच्या वाटपाच्या दाव्यात आजोबा गेले, वारस लावले, आता वडील थकले. कधी वकील मुदत मागतो, कधी साहेब रजेवर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. न्यायाधीश निःपक्ष आहेत हो, पण निकाल कुठंय?

पंचवटीकर: दादा, कॉलेजियमने, म्हणजे न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, पाठवलेली नावं सरकार दाबून ठेवतं, जागा रिकाम्या राहतात, म्हणून तारखा पडतात.

बागाईतदार_निफाड: ते उच्च न्यायालयाचं झालं. माझा दावा तालुक्याला आहे. तिथले न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. कॉलेजियमचा काय संबंध?

पंचवटीकर: हे मान्य. पण उद्या भूसंपादनाची नोटीस आली तर तुम्ही मुंबईला उच्च न्यायालयातच रिट अर्ज घेऊन जाणार ना?

गोदाकाठ: सिडकोवाले, कायद्याने लागतात ती पदं राहू द्या. राज्यपालपद आणि राज्यसभा तरी दोन वर्षं नको, एवढं चालेल?

सिडकोवाला: सरकार पाच वर्षांचं असतं. दोन वर्षं थांबून काय साधणार?