पाचाच्या काठाला घास, दहाचा मधला तुकडा कललेला, दोनवर उलटा 'भारत': यातली टांकसाळीची चूक कोणती?

चवली_पावली

एका विक्रेत्याने तीन नाणी 'ओरिजिनल मिंट एरर' म्हणून बघायला दिली आहेत. पहिलं पाचाचं, १९९९ चं, जाडजूड, तांबे-निकेलचं. काठाला चंद्रकोरीसारखा घास घेतलेला, वजन ८.५२ ग्रॅम. दुसरं दहाचं, २०१४ चं. मधल्या तुकड्यावरची सिंहमुद्रा बाहेरच्या कड्यावरच्या 'भारत' आणि 'इंडिया'च्या मानाने सुमारे ४० अंश कललेली, वजन ७.७० ग्रॅम. तिसरं दोनचं, २००२ चं, अकरा कोनांचं, राष्ट्रीय एकतावालं. त्याच्या नकाशाच्या बाजूला सिंहमुद्रा आणि 'भारत' आरशात दिसावं तसं उलटं, खोलगट उमटलंय, वजन ५.९८ ग्रॅम. तिन्हींचे मिळून साडेचार हजार सांगतोय. दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा आणि चुंबक हाताशी आहे. कुठे काय बघू?

कॉलरच्या_आत

दहाचं आधी निकालात काढू, त्याला भिंगसुद्धा लागत नाही. कडं आणि मधली चकती छपाईला येतात तेव्हा दोन्ही कोरी असतात. डायच्या (नक्षी कोरलेल्या ठशाच्या) एकाच ठोक्यात ती एकमेकांत घट्ट बसतात आणि नक्षीही तेव्हाच उमटते. सिंह आणि 'भारत' एकाच डायवर कोरलेले, मग सिंह एकटा कलणार कसा? डाय फिरली तर ती अख्खी बाजू फिरते, कड्यासकट. या नाण्याचा मधला तुकडा ठोकून बाहेर काढलाय आणि परत दाबून बसवलाय. पालथं करा, मागचं रुपयाचं चिन्हही तेवढंच कललेलं सापडेल. वजन जागच्या जागी आहे (नेमकं ७.७१ असतं), कारण त्यातून काही गेलेलंच नाही.

दहाच्या नाण्यातली खरी चूक वेगळी दिसते. ठोक्याआधी चकती कड्यात नीट बसलेली नसते, एका अंगाला सरकलेली असते. मग दोन धातूंचा जोड वेडावाकडा येतो, पण नक्षी मात्र आपल्या जागी, एका धातूवरून दुसऱ्यावर सलग गेलेली. धातू सरकतो, चित्र सरकत नाही.

पाचाचं नाणं मात्र बघण्यासारखं आहे. चकत्या धातूच्या पट्टीतून पंचाने कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि पुढच्या चकतीला गोल घास पडतो. त्यामुळे घासाची गोलाई साधारण त्याच नाण्याच्या काठासारखी हवी. दुसरं जाड पाचाचं नाणं घासात टेकवून बघा. (पट्टीच्या टोकाशी कापलेल्या चकतीचा घास सरळ असतो, तीही खरीच चूक.)

नंतर चकतीचा काठ उचलायला ती यंत्रात दाबत फिरवतात. घास आहे तिथे दाबायला धातूच नसतो, म्हणून त्याच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा काठही नीट उचलला जात नाही. तो फिका, पसरट राहतो. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय ठोका बसताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, त्यामुळे घासालगतची अक्षरं किंचित ताणलेली, मऊ दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापावं तसं मध्येच तुटतं, काठ तुटीपर्यंत पूर्ण उंचीचा राहतो आणि घासाच्या भिंतीवर समांतर रेघा दिसतात.

इथे वजनाला भाव देऊ नका. नऊ ग्रॅमच्या नाण्यातला अर्धा ग्रॅम पंचाने गेला काय, कानशीने गेला काय, काट्याला सारखंच.

उलटा_ठसा

दोनच्या नाण्याबद्दल. याला ब्रॉकेज म्हणतात, आणि बाजारात बनावट ब्रॉकेजचा सुळसुळाट आहे. खरं ब्रॉकेज असं होतं: छापलेलं नाणं बाहेर न पडता एका डायला चिकटून राहतं. त्यावर पुढची कोरी चकती येते. तिच्या एका बाजूला मोकळी डाय बसते आणि दुसऱ्या बाजूला त्या अडकलेल्या नाण्याचं तोंड. म्हणून नव्या नाण्याच्या दोन्ही अंगांना तीच बाजू येते, एकीकडे उठावदार आणि सुलट, दुसरीकडे खोलगट आणि उलटी.

इथवर तुमचं नाणं जुळतं. आता नकाशाच्या बाजूला दिवा आडवा धरा आणि उलट्या सिंहाभोवती नकाशाची सीमारेषा किंवा 'राष्ट्रीय एकता'ची अक्षरं शोधा. खऱ्या ब्रॉकेजमध्ये नकाशा मुळात छापलाच गेलेला नसतो. पुसट नकाशा दिसला तर ते पूर्ण छापलेलं नाणं आहे आणि त्यावर दुसरं नाणं पकडीत किंवा प्रेसमध्ये दाबलंय. तांबे-निकेल स्टीलच्या मानाने मऊ, त्यामुळे हा उद्योग यावर सोपा जातो.

दुसरी खूण कोनांची. टांकसाळीत अडकलेलं नाणं कॉलरच्या (ठोक्याच्या वेळी चकतीला चहूबाजूंनी धरणाऱ्या रिंगणाच्या) आतच असतं, म्हणून उलट्या छापाचे कोन नाण्याच्या कोनांशी जुळतात. पकडीत दाबलेलं सहसा तिरपं बसतं.

काठावरचा

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. नकाशा दिसला म्हणजे बनावट, असं थेट म्हणता येणार नाही. आधी छापलेलं नाणं पुन्हा डायखाली आलं आणि तेव्हा तिथे दुसरं नाणं अडकलेलं असलं, तर दोन्ही छाप एकावर एक येऊ शकतात. म्हणून निकाल दुसऱ्या अंगावरून द्यावा. टांकसाळीत दुसरा ठोका बसला असेल तर सिंहाच्या बाजूलाही डायचा दुसरा छाप असतो, आणि तो ताजा, धारदार असतो. पकडीतल्या नाण्याची ती बाजू सपाट जबड्यावर टेकलेली असते, म्हणून सिंहाचे उंच भाग चेपून चकचकीत होतात. उंच भागच चेपलेत आणि खोलगट भाग शाबूत आहेत, तर पुढे विचार नको.

नाणं मोठं आणि पातळ झालेलं असलं तर काठ आणि नक्षी दोन्ही बघावं. कॉलरशिवाय ठोकलेलं नाणं पसरतं आणि त्याचा काठ सपाट, बाहेर वाहिलेला असतो. हातोडीने वाढवलेल्याची नक्षीही नाण्याबरोबर पसरलेली, चेपलेली असते. वजन दोन्हींचं बरोबर येतं. आम्लात बुडवलेल्याचं मात्र कमी भरतं. ते सगळीकडून सारखंच झिजतं, अक्षरं विरघळल्यासारखी आणि पृष्ठभाग रवाळ.

आणि दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही किंवा रेघा दहाऐवजी पंधरा आहेत, म्हणून कोणी 'एरर' सांगत असेल तर हात जोडा. चिन्ह २०१० मध्ये आलं, नाण्यांवर २०११ पासून. ते वेगळे नमुने आहेत, चुका नव्हेत. १४ नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं होतं.

चवली_पावली

बघितलं. दहाचं मागूनही तेवढंच कललेलं, जोडालगत ओरखडे. दोनवर नकाशाच्या उजव्या अंगाची रेघ दिसते, पलीकडे तिन्ही सिंहांची नाकं चेपलेली आणि चकचकीत. पाचाच्या घासात दुसरं नाणं चपखल बसतं, भिंतीवर रेघा नाहीत, पण समोरचा काठ जेमतेम फिका वाटतो, खात्री होत नाही.

कॉलरच्या_आत

ब्लेक्सली दरवेळी ठळक नसतो, लहान घासाला तर नसतोच म्हटलं तरी चालेल. तो दिसला तर भक्कम पुरावा, न दिसला तर नाणं लगेच बनावट ठरत नाही. घासालगतच्या अक्षरांवर भर द्या. आणि घासाच्या भिंतीचा रंग बाकीच्या कडेसारखाच मळकट आहे का ते बघा. २५ वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यात एकच जागा नवीकोरी चमकली तर घास ताजा आहे. चिंच-पितांबरीने घासून पाहू नका, तीच खूण जाईल. अक्षरं विरत गेलेली असली तर पाचाचं एकटं मागा, गठ्ठा नको.

चवली_पावली

अक्षरं विरत गेलेली आहेत, तुटलेली नाहीत. आता विक्रेता म्हणतो, दहा आणि दोन परत द्या, त्याऐवजी २००७ चं पाचाचं 'पितळी' नाणं घ्या. तेव्हाची स्टीलची असायची ना?

काठावरचा

हो, २००७ चं लाटांच्या रेघांचं पाच स्टीलचं, ६ ग्रॅम, २३ मिलिमीटर. नंतरचं पितळी नाणंही ६ ग्रॅम आणि २३ मिलिमीटरच, म्हणजे इथे काटा आणि मापपट्टी दोन्ही निकामी. चुंबक लावा. ते स्टील चुंबकाला चिकटतं, निकेल-पितळ चिकटत नाही. चिकटलं तर स्टीलवर मुलामा दिलाय, काठाच्या टोकदार भागावर भिंगातून पांढरं दिसेल. चिकटलं नाही तर पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे आडव्या उजेडातले फोटो इथे टाका, मग चुकीच्या धातूच्या चकतीचा विचार करू.