अळंबी-रानभाजी खाऊन त्रास झाला तर? सोसायटीच्या सूचनेत काय लिहावं?

मानपाडा_सचिव:
ठाण्याच्या येऊर जंगलाच्या पायथ्याशी आमची सोसायटी. पाऊस सुरू झाला की काहीजण जंगलातून अळंबी, कंद घेऊन येतात, लॉनवरही छत्र्या उगवतात. विषबाधेचा संशय आला तर काय करायचं, याची सूचना लिफ्टजवळ लावायची आहे. सभासदांनी सुचवलेले मुद्दे: मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी, दूध-तूप द्यावं, भाजीत चांदीचं नाणं टाकून बघावं, आणि दोन-तीन तासांत काही झालं नाही तर धोका टळला समजावं. यातलं काय ठेवू?

अपघात_विभाग:
चारही काढा. शेवटचा सगळ्यात आधी, माणूस दगावतो तो त्याच्यामुळे. लॉनवरच्या अळंबीने बहुधा १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पाणी-क्षार भरून काढले की बहुतेक जण सावरतात. अमॅनिटा या अळंबीच्या गटातल्या काही जातींमधलं अमाटॉक्सिन हे विष मात्र साधारण ६ ते २४ तास गप्प बसतं. रात्री नऊला जेवण आणि पहाटे पाण्यासारखे जुलाब, असं गणित दिसलं की तेच गृहीत धरून निघायचं. पुढे दिवसाभराने जुलाब थांबतात, रुग्णाला बरं वाटतं, घरचे डिस्चार्ज मागायला लागतात. यकृताच्या पेशी तेव्हाही मरतच असतात. कावीळ, रक्तस्राव, ग्लानी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, तिला अमाटॉक्सिन कळत नाही.

टोपलीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असू शकतात. त्यामुळे उलटी लवकर झाली एवढ्यावरून उशिराचं विष नाहीच, असं म्हणता येत नाही. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, ठणठणीत असेल त्यालाही.

मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं, लहान मुलांत जास्तच. गुंगीत उलटी काढली तर ती फुप्फुसात जाते. तोंडात उरलेलं थुंकायला लावा, चूळ भरायला द्या. गुंगी असेल तर तोंडाने काहीही न देता कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन. शुद्धीत असेल तर ओआरएसचे छोटे घोट चालतील. जुलाब थांबवणारी गोळी नको, पॅरासिटामॉलही नको. कोळशाचं औषध रुग्णालयात देतात (मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम), चुलीतला कोळसा वाटून पाजणं वेगळं.

येऊरची_झाडं:
पहिली गोष्ट, येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काही तोडून आणणं मुळातच बेकायदा. हेही सूचनेत घाला.

नमुना सांभाळा. उरलेली कच्ची अळंबी कागदाच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ती तासांत कुजते. खोडाचा तळ मातीतून अख्खा उकरून घ्या, अमॅनिटाचं पिशवीसारखं आवरण तिथेच असतं आणि नुसतं वरून तोडलं की ओळखच मागे राहते. फोटो तीन: टोपीचा, खालच्या पात्यांचा, तळाचा. शिजलेली भाजी आणि उलटी झाकणाच्या डब्यात. लॉनवरची पांढरी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री कोवळी असताना पातीही पांढरी दाखवते. छत्री जुनी झाल्यावर ती हिरवट होतात, म्हणून लोक फसतात.

कंदांत कळलावीचा धोका मोठा. फुलं गेल्यावर नांगरासारखा वाकडा कंद खाण्याचा समजून उकडला जातो. त्यात कोल्चिसिन हे विष. उलट्या काही तासांनी, आणि नंतरच्या दिवसांत रक्तपेशी घसरतात, म्हणून पोट थांबलं तरी रुग्णालय सोडायचं नाही. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात, उलट्यांनी शुष्कता येते. धोतऱ्याने तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, असंबद्ध बडबड. अशा मुलाला दारू प्यायलाय समजून घरी झोपवू नका.

मानपाडा_सचिव:
आणि शेवळं? जांभळी नाक्यावरून आणलेली भाजी खाऊन घसा खवखवला, हेही याच यादीत का?

अपघात_विभाग:
ते वेगळं. शेवळ्यात, अळूत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडं (भाजीत घालायची आंबट रानफळं) किंवा चिंच कमी पडली, शिजवणं अर्धवट राहिलं की काही मिनिटांत जीभ-घसा चरचरतो. इथे चूळ भरून थंड दूध किंवा बर्फ चालतो, दूध चालतं ते एवढ्यापुरतंच. जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना किंवा श्वास लागला तर मात्र १०८.

कळवा_रात्रपाळी:
दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र २४ तास चालू असतं, १८०० ११६ ११७, फोन मोफत. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही हा नंबर द्या. तिथे पोहोचल्यावर 'बाहेरचं खाल्लं' असं सांगू नका, त्याने साध्या फूड पॉयझनिंगचे उपचार होऊन रुग्ण घरी जातो. 'जंगलातली अळंबी, खाल्ली रात्री ९ ला, पहिली उलटी ५ ला, खाणारे चौघे, वजनं अमुक' असं कागदावर लिहून द्या. अळंबीच्या उशिराच्या त्रासात यकृताच्या तपासण्या आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) एकदा करून भागत नाही, पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. किती तासांनी पुन्हा करणार, ते विचारा. आयएनआर चढायला लागला तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी लगेच बोलायला सांगा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ग्लानीत गेलेला रुग्ण हलवण्यापेक्षा शुद्धीत असताना हलवलेला बरा.