‘ओव्हरपॉवर्ड’ला मराठीत काय म्हणाल? आणि बंदी की निर्बंध?

पोटापुरता भाषांतरकार

कॉलेजातल्या पोरांनी पोकेमॉन स्पर्धेची नियमावली मराठीत करून मागितली आहे. खेळ ‘सोर्ड अँड शील्ड’, म्हणजे २०१९चा. सगळं झालं, एका वाक्यापाशी गाडं अडलंय. माझा पहिला खर्डा असा : ‘अतिशक्तिशाली मेकॅनिकवर बंदी घालावी की त्यास प्रतिबंधित करावे, हे आयोजक ठरवतील.’ बायकोने वाचलं आणि विचारलं, “कुठल्या गॅरेजातला?” तेव्हा ‘मेकॅनिक’ (मूळ ‘गेम मेकॅनिक’, म्हणजे खेळातली एखादी सोय) तर गेलाच. पण ‘अतिशक्तिशाली’सुद्धा च्यवनप्राशच्या डब्यावरचा वाटतोय. मूळ शब्द ‘ओव्हरपॉवर्ड’, पोरं ‘ओपी’ म्हणतात. काय करावं?

जुनी सोंगटी

आधी ते ‘प्रतिबंधित’ खोडा. हिंदीत प्रतिबंध म्हणजे बंदी. आपल्याकडे प्रतिबंध म्हणजे होऊ नये म्हणून आधीच घेतलेली काळजी : प्रतिबंधक लस, प्रतिबंधात्मक उपाय. बातम्यांच्या पट्ट्यांमुळे दोन्ही अर्थांची सरमिसळ झालीय. तुम्हाला म्हणायचंय ते ‘निर्बंध’. दुकान बंद म्हणजे बंदी. दुकान चारपर्यंतच उघडं, हे निर्बंध. करोनात हा फरक सगळ्या महाराष्ट्राचा पाठ झाला होता, इतक्यात विसरलात?

‘मनाई’ आणि ‘मज्जाव’ही आहेत, पण मज्जाव माणसाला दारात होतो. खेळातल्या करामतीला मज्जाव केला असं कोणी म्हणणार नाही.

अठराटाइप

काका, ‘बंदी’चाही एक घोळ आहे. आमच्या ग्रुपवर कोणी ‘बॅन झाला’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोण? अकाउंट की गेम? २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर सरकारने बंदी घातली, तेव्हापासून ‘बंदी’ हा शब्द सरकारी वाटतो. नियमावलीत कशावर बंदी, ते नाव घेऊनच लिहा.

आणि ‘ओपी’चं म्हणाल तर तो शब्द हातचा गेलाय. आता ‘ओपी’ म्हणजे नुसतं ‘भारी’. मिसळ ओपी, नवीन चपला ओपी. तक्रारीचा शब्द कौतुकाचा झाला.

जुनी सोंगटी

चपला ओपी! बरं. मग मी सुचवतो : *डोईजड*. शक्तिशाली असणं हा दोष नाही. सरदार शूर असतो तोवर दरबारात मान असतो. त्याच्यापुढे बाकीच्यांचं काही चालेनासं झालं की तो डोईजड होतो. ‘अतिशक्तिशाली’त फक्त त्याचं वजन कळतं, ‘डोईजड’मध्ये ते कोणाच्या डोक्यावर पडतंय तेही कळतं.

पोटापुरता भाषांतरकार

‘वरचढ’ कसा वाटतो?

जुनी सोंगटी

वरचढ कोणीही असतो हो. दोन पैलवानांत एक वरचढ असायचाच, म्हणून तर कुस्ती लावायची. ‘शिरजोर’मध्ये उद्दामपणा येतो, तो माणसाचा गुण. डोईजडच ठेवा.

अठराटाइप

डोईजड मला पटला, कारण या खेळातल्या डायनामॅक्सचं (आपला पोकेमॉन थोड्या पाळ्यांपुरता राक्षसी मोठा करायची सोय) अगदी तेच झालं होतं. नुसतं ‘ताकद वाढते’ असं ऐकलं तर राग का होता ते कळत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन, आणि समोर गाराडॉस नावाचा पोकेमॉन आहे. त्याचा ‘बाउन्स’ हा एरवी कामचुकार हल्ला : पहिल्या पाळीत हवेत उडी, दुसऱ्या पाळीत आदळणार. मधल्या वेळात तुम्ही तुमचं सावरून घेता. पण तोच गाराडॉस डायनामॅक्स झाला की बाउन्सचा ‘मॅक्स एअरस्ट्रीम’ होतो. घाव त्याच पाळीत, वर त्याचा वेग एक पायरी वाढतो. त्याच्याकडे ‘मॉक्सी’ ही खुबी असली तर प्रत्येक बळीमागे हल्ल्याची ताकदही एक पायरी. त्याचा जीव दुप्पट झालेला. ‘रोअर’ मारून हाकलावं तर तो हलत नाही. तीन पाळ्या संपेपर्यंत तुमच्या सहातले तीन गेलेले असतात.

आणि हे सहापैकी कोणीही करू शकतो. कधी करेल, पत्ता नाही. म्हणून स्मोगन या चाहत्यांच्या, स्वतःचे नियम करणाऱ्या संकेतस्थळावरच्या खेळाडूंनी डिसेंबर २०१९मध्येच, म्हणजे खेळ आल्यावर महिन्याभरात, एकास एक लढतींत डायनामॅक्सवर बंदी आणली. अधिकृत स्पर्धा जोडीच्या असतात, तिथे मात्र ते चालू राहिलं, कारण तिथे दोघं मिळून त्या एकावर तुटून पडता येतं. म्हणजे तीच गोष्ट एका आखाड्यात डोईजड, दुसऱ्यात नाही.

चौथी स्लिप

मला पोकेमॉनमधलं पिकाचूपलीकडे काही कळत नाही, पण बंदी आणि निर्बंध यांतला फरक क्रिकेटमध्ये छान दिसतो. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा हवेत आणि ट्रेव्हर चॅपलने चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. त्यानंतर अंडरआर्म गेलं ते गेलंच. ही बंदी. फलंदाजाच्या अंगावर मारा करणाऱ्या बॉडीलाइनचं तसं नाही झालं. आखूड चेंडू राहिला, लेगचे क्षेत्ररक्षकही राहिले. फक्त लेगच्या बाजूला स्क्वेअरच्या मागे दोनच जण, असं पुढे ठरलं. बाउन्सरही षटकात मोजून. हे निर्बंध. गोलंदाजाचं हत्यार त्याच्याकडेच आहे, फक्त काडतुसं मोजून दिलीत.

मग डायनामॅक्सवर निर्बंध का नाही? ‘सामन्यात एकदाच’ म्हणा.

अठराटाइप

तिथेच तर गंमत आहे दादा. ते *आधीच* सामन्यात एकदाच आहे! आणि तीनच पाळ्या. निर्बंध घालूनच ते जन्माला आलं, तरी पुरलं नाही.

जुनी सोंगटी

हे वाचून आमची गल्ली आठवली. गोट्या खेळायचो. एकाचा मामा गॅरेजात होता (भाषांतरकार, तुमचा मेकॅनिक सापडला), त्याने भाच्याला ट्रकच्या बेअरिंगमधला लोखंडी छर्रा आणून दिला. काचेच्या गोटीला तो लागला की टक्कन आवाज, आणि गोटीला चंद्रकोरीसारखा टवका. आधी हेवा, मग रडारड. बंदी नको, त्याला वाईट वाटेल, म्हणून ठरवलं : एका डावात छर्रा एकदाच.

झालं काय? तो छर्रा खिशात ठेवून शेवटपर्यंत थांबायचा. आम्ही सगळे गलीपाशी न जाता लांबूनच खेळायचो, कारण छर्रा अजून निघालेला नाही. जो छर्रा मारलाच नाही, त्याच्याच धाकात डाव चालायचा. आठ दिवसांनी पोरांनी एकमुखाने सांगितलं, छर्रा बाद. तो म्हणाला, हा रडीचा डाव. तो अगदीच चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही.

चौथी स्लिप

म्हणजे निर्बंध कधीच चालत नाहीत?

पोटापुरता भाषांतरकार

चालतात, पण मोजणी कशाची करता त्यावर आहे. ‘यू-गी-ओ’ या पत्त्यांच्या खेळाच्या यादीत सरळ पायऱ्या आहेत : एक पत्ता निषिद्ध, एक गड्डीत एकच चालेल, एक दोनपर्यंत चालेल. ‘मॅजिक’ या तशाच खेळाच्या व्हिंटेज प्रकारात ‘ब्लॅक लोटस’ हा जबर पत्ता आजही चालतो, फक्त गड्डीत एकच. पण एकच ठेवला म्हणून तो दुबळा होत नाही, ज्याच्या हाती पहिल्या वाटपात येईल त्याची चांदी. डोईजडपणा तिथेच राहतो, वर नशिबाचा भाग वाढतो. माझं मत विचाराल तर ‘एकदाच’ हा निर्बंध आळशी आहे.

अठराटाइप

पुढच्या ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’मध्ये ‘टेरा’ आलं, पोकेमॉनचा टाइपच (आग, पाणी असली जात) बदलायचा. तिथे मोजणीचे निर्बंध कोणी मागत नव्हतं, माहितीचे मागत होते : कोणाचा टेरा टाइप काय, ते लढत सुरू होण्याआधी उघड करा. किंवा सहातला एकच आधी नेमून ठेवा. तो छर्रा खिशात न ठेवता ओट्यावर ठेवायला सांगण्यासारखं. शेवटी स्मोगनच्या मुख्य प्रकारात टेरा मोकळंच राहिलं, पण ते पर्याय मला आवडले होते.

जुनी सोंगटी

‘छर्रा ओट्यावर’! हे तेव्हा सुचलं असतं तर.

चौथी स्लिप

तिसरा प्रकारही आहे ना? नियम नाही, पण कोणी करत नाही.

अठराटाइप

हो, अकुमा! १९९४चा ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ या मारामारीच्या खेळातला डोईजड लढवय्या. पाश्चात्त्य स्पर्धांत त्याच्यावर बंदी. जपानात तशी लेखी बंदी नाही, पण चांगले खेळाडू त्याला घेत नाहीत. याला काय म्हणाल?

जुनी सोंगटी

*संकेत*. पंगतीत वाढणं संपायच्या आत कोणी जेवायला लागत नाही, तसा.

अठराटाइप

आणि ‘नर्फ’? म्हणजे कंपनीच मूळ ताकद कमी करते. नर्फ ही फोमची खेळणी, खऱ्या हत्याराचं खेळणं झालं असा तो शब्द.

जुनी सोंगटी

नांगी मोडणे. विंचू राहतो, चालतो, दिसतो तसाच.

पोटापुरता भाषांतरकार

वा. आता राहिला ‘मेकॅनिक’. ‘डाव’ घेतला असता, पण ढाक, धोबीपछाड हे पैलवानाचे डाव, त्याने घोटून कमावलेले. डायनामॅक्स कोणी कमावत नाही, खेळच दोन्ही बाजूंना देतो. म्हणून ‘मुभा’ म्हणावं असं वाटतंय. दुसरा खर्डा :

‘खेळाने दिलेली एखादी मुभा डोईजड होत असल्यास आयोजक ती काढून घेतील किंवा तिच्यावर निर्बंध घालतील. या स्पर्धेत डायनामॅक्सची मुभा नाही.’

‘बंदी’ शब्दच लागला नाही.

जुनी सोंगटी

छान. पण ‘होत असल्यास’ कोण ठरवणार? हरलेला?

अठराटाइप

आणि डायनामॅक्स नपुंसकलिंगी कधी ठरलं? मीही वर ‘ते’ लिहून गेलो, पण आमच्यात ‘तो डायनामॅक्स’ म्हणतात.