चेरीहोम्स: घरात कोण काय वाजवायचं?

प्रश्न: ब्लूग्रासवाल्या (ब्लूग्रास म्हणजे अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) चेरीहोम्स फॅमिली बँडमध्ये कोण काय वाजवायचं? सगळे आधीपासूनच संगीतातले होते का?

उत्तर: नाही हो! वडील जेरी बेस, आई सँडी मँडोलिन, सिया बँजो, स्किप गिटार, बी.जे. आणि मॉली फिडल (म्हणजे व्हायोलिनच). १९९९ मध्ये मोठी मुलगी शेली वारली, त्या दुःखात सगळे कॅलिफोर्नियात एका ब्लूग्रास फेस्टिवलला गेले आणि तिथून घरी आल्यावर वाद्यं वाटून शिकायला सुरुवात केली, आणि २००५ ला थेट आयबीएमएचा (इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशन) एंटरटेनर ऑफ द इयर पुरस्कार, सहाच वर्षांत, मला अजून खरं वाटत नाही.

उत्तर: सियाचा बँजो नक्की ऐका, शिवाय ती गातेही सुंदर. २०११ ला बँड थांबला तेव्हा फार वाईट वाटलं.

प्रश्नकर्ता: शेलीचं माहीत नव्हतं. आज रात्रीच ऐकतो.